बॅटरी कशानं उतरते

गोदाबाईनं मला नाकारलं ते माझ्या कामावरून. अकोटला स्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान मी चालवते, हे माहीत असूनच ती मंडळी मला पाहायला आली होती. पोहे खाऊन झाले आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमाले सून पायजे, मिस्त्री नाही." तिचा मुलगा देवीदास मान खाली घालून बसला. मी तेव्हाच ठरवलं, एक दिवस यांची जिरवायची.

दोन वर्षांनी तो दिवस स्वतःच्या पायांनी दुकानात आला. देवीदासची पिकअप रोज सकाळी बंद. तीन मिस्त्री झाले, बॅटरी नवी टाकली, तरी उतरायचीच.

"संध्याताई, काही करा. दसऱ्याचा झेंडू अमरावतीले न्या लागते."

मला पाहून गेलेला माणूस मला ताई म्हणत होता!

किल्ली बंद ठेवून मी बॅटरीची अर्थिंगची वायर काढली आणि मध्ये बल्ब जोडला. तो पेटला. म्हणजे बंद गाडीतही करंट कुठेतरी जात होता. एकेक फ्यूज काढला, तरी बल्ब पेटलेलाच. मग वर केबिनमध्ये पाहिलं. महाराजांच्या फोटोभोवती दिव्यांची माळ झगमगत होती.

"मायनं लावली, माह्या लग्नात," देवीदास म्हणाला. "डायरेक बॅटरीवरून. दिवा इझू नये म्हणून."

तिन्ही मिस्त्री हात जोडून पुढे गेले असणार. देवाचा दिवा कोण विझवणार?

मला सगळं कळलं आणि मी गप्प बसले. बॅटरी चार्ज करून दिली, "झाली," म्हणाले. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी तमाशा पाहायला मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेले. झेंडूनं भरलेली पिकअप दारातच अडलेली. देवीदास स्टिअरिंगवर. मागून त्याची बायको आचल एकटी धक्का मारत होती आणि गोदाबाई अख्ख्या गल्लीला ऐकवत होती, "ही घरात आली तवापासून गाडी मरते! पायगुणच खराब हाय हिचा!"

आचल धक्का मारतच राहिली. सवय झाली असावी. मला लाज वाटली. सूड माझा, आणि भोगत होती ही पोर.

मी माझ्या स्कूटरवरून उतरले, डिकीतून पकड काढली. "काकू, पायगुण नाही, तुमची माळ बॅटरी खाते. मले परवाच समजलं होतं. मुद्दाम सांगितलं नाही."

"म्हाराजाचा दिवा इझवतं? हात त लावून पाह्य!"

मी पकड आचलच्या हातात दिली. तिनं एकदा सासूकडे पाहिलं आणि वायर तोडली.

मग मी देवीदासला खाली उतरवलं, स्टिअरिंगवर बसले आणि आचलला शेजारी बसवलं. "काकू, माल सुकून राहिला. मायलेक मिळून मारा धक्का."

दारादारांत माणसं उभी होती. गोदाबाईनं पदर खोचला.

क्लच सोडला असता, तर गाडी पहिल्याच धक्क्याला सुरू झाली असती. गल्ली संपेपर्यंत मी क्लच सोडलाच नाही.