बूच लावलेल्या कुंडीची कैफियत

मित्रांनो, गॅलरीच्या कोपऱ्यात झाडूशेजारी पालथी घातलेली, काठाचा टवका उडालेली ती मातीची कुंडी दिसते ना, ती मी. आता माझ्यात काही उगवत नाही. पण पंधरा वर्षं मी एक लिंबाचं झाड पोटात वाढवलं, आणि शेवटच्या चार महिन्यांत तेच झाड जवळजवळ मारलं. सांगताना मला बरं वाटत नाही, तरी सांगते.

कुंभारानं मला चाकावरून उतरवलं आणि बुडाला अंगठ्यानं भोक पाडलं. मला वाईट वाटलं. शेजारी घागरी वाळत होत्या, त्यांना कुणी भोक पाडलं नव्हतं. कुंभाराची बायको म्हणाली, "जरा लहान पाडा की." तो म्हणाला, "कुंडी आहे ती. पाणी साठवणं हे तिचं काम नव्हे. झाडाला हवं तेवढं पाजायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं." पुढे भट्टीत भाजून निघाल्यावर माझं रडगाणं आपोआप थांबलं.

मला विकत घेतलं ते एका कंपाउंडरांच्या बायकोनं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, आणि गॅलरी एवढी अरुंद की दोघांना शेजारी शेजारी उभं राहता येत नसे. एकदा कंपाउंडरांचा घसा बसला, तेव्हा तिनं लिंबू पिळलं आणि त्यातली एक बी सहज माझ्यात खोचली. "उगवलं तर उगवलं," म्हणाली. ते उगवलं. सात वर्षं नुसती पानं आणि काटे. कंपाउंडर चिडवायचे, "झाड अगदी तुझ्यावर गेलंय, टोचतं फार." ती म्हणायची, "मग लांबून बोला." ज्या वर्षी पहिली फुलं आली त्याच वर्षी ती आजारी पडली. दवाखान्यात जाताना दारातून मागं वळली आणि म्हणाली, "झाडाकडे बघा हं." कंपाउंडर म्हणाले, "बघतो." ती परत आली नाही.

कंपाउंडर दिल्या शब्दाचे पक्के. चाळीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या हाताखाली औषधं तयार केली होती, थेंबभर इकडचं तिकडे झालं नव्हतं. त्यांनी झाडाचा चक्क केसपेपर काढला. रुग्ण: लिंबू. वय: सात. पुढे रोजची नोंद, अक्षर मोत्यासारखं. कोवळ्या पानांवर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा उमटल्या, तर लिहिलं, "नागअळी. लागलेली पाने तोडली." पानं चिकट झाली, तर उलटून बघितली, खाली मावा सापडला, आणि साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसून काढलं. एकदा नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला. "लोह कमी आहे," म्हणाले आणि मोजून औषध दिलं. महिन्याभरात नवी फूट हिरवीगार आली. झाड असं लगडलं की अख्ख्या जिन्यातली माणसं फुकट लिंबं नेऊ लागली. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "भाऊ, तुमच्या झाडाचं मातकट पाणी माझ्या धुतलेल्या चादरींवर टपकतं. आज दुसऱ्यांदा धुतल्या." कंपाउंडर ओशाळले. त्यांनी औषधाच्या बाटलीचं एक जाड रबरी बूच शोधलं आणि माझ्या भोकात घट्ट बसवलं. केसपेपरवर लिहिलं, "भोकास बूच. चादरी निघाल्यावर रोज काढणे." पहिले काही आठवडे ते संध्याकाळी वाकायचे, खाली बादली धरायचे, बूच काढायचे. एका संध्याकाळी ते वाकले नाहीत. मला वाटलं, कंबर धरली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही.

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तेव्हा खाल्ला. वरून पाणी येत होतं आणि खालून वाट बंद. माती चिखल झाली, मुळं श्वासाला महाग झाली. आधी खालची जुनी पानं पिवळी पडली, मग वरची लोंबली. पान लोंबलं की माणसाला वाटतं, झाड तहानलंय. कंपाउंडर पाणी घालायचे. पुन्हा पिवळं दिसलं की लोह, मग खत, मग फवारा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मी माझ्या परीनं खुणा केल्या. अंग बाहेरून सतत ओलं राहिलं, बुडाशी शेवाळ धरलं. पण सगळे पानांकडे बघत होते, माझ्याकडे कोण बघणार?

कंपाउंडरांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. महिन्यातून एकदा यायची, सकाळी येऊन संध्याकाळी परत. त्या खेपेला तिनं गॅलरीत पाऊल टाकलं आणि पायाखाली पिवळ्या पानांचा सडा.

"बाबा, आईचं एवढं एक झाड आहे. तेही तुम्हाला सांभाळता येत नाही?"

"रोज बघतो गं त्याच्याकडे," कंपाउंडर म्हणाले. "काय चुकतंय तेच समजत नाही."

ती तडक जाऊन रोपवाटिकेतल्या माळ्याला घेऊन आली. माळीबुवांनी पानाला हातसुद्धा लावला नाही. मातीत दोन पेरं बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं आणि नाक मुरडलं. "ताई, हे वाळत नाहीये, बुडतंय." मग गुडघ्यावर बसून त्यांनी माझ्या बुडाखाली हात घातला आणि बूच ओढलं. काळं, कुजकं पाणी भसाभस त्यांच्या पायावर सांडलं. मला मोकळं वाटलं आणि लाजही वाटली.

कंपाउंडर संतापले. "कुणी केला हा मूर्खपणा? भोक बंद करतं का कुणी? तू केलंस?"

"मी कशाला करू, बाबा?"

"पाणी किती घालता रोज?" माळीबुवांनी विचारलं.

"एकच तांब्या. नोंद आहे माझ्याकडे." कंपाउंडरांनी ऐटीत केसपेपर आणून मुलीच्या हातात दिला.

ती वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरला. सोमवार, सकाळ, पाणी एक तांब्या. त्याच्या खाली पुन्हा सोमवार, सकाळ, पाणी एक तांब्या. त्याच्या खाली पुन्हा तेच. एका सोमवारच्या पाच ओळी, प्रत्येक ओळ सरळ, प्रत्येकीखाली सही. तिनं मागची पानं उलटली. बुचाची नोंद सापडली. तिनं कागद घाईनं मिटला. "राहू दे बाबा, नंतर बघू."

पण कंपाउंडरांनी तो तिच्या हातून घेतला, चष्मा लावला आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी तसा सावकाश वाचला.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मघाशी बोललेले शब्द तिला परत घ्यायचे होते. माळीबुवांनी दोघांकडे पाठ केली आणि कामाला लागले. झाड निघेना, तेव्हा पहारीनं उचकटलं. त्यात माझा काठ गेला. काळी पडलेली मुळं कापली, फांद्या कमी केल्या, कोरड्या भुसभुशीत मातीत नव्या कुंडीत झाड लावलं आणि खाली थाळी ठेवली. "थाळीत पाणी दिसलं की ओतून द्यायचं, ताई. आणि माती वाळल्याशिवाय पाणी नाही." जाताना हळूच म्हणाले, "झाड वाचेल बहुतेक." दुसऱ्या कुणाबद्दल ते काही बोलले नाहीत.

मुलगी बदली करून घेऊन याच घरात राहायला आली. बाबांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. झाडाला मात्र सहा महिन्यांनी फूट आली. चकचकीत, गडद हिरवी पानं, एकावरही डाग नाही. त्या दिवशी तिनं बाबांना हाताला धरून गॅलरीत आणलं.

कंपाउंडरांनी पान दोन्ही बाजूंनी निरखलं. "उत्तम आहे. झाड कुणाचं हे?"

"आईचं."

"कुणाच्या आईचं?"

"माझ्या."

"बरं, बरं. त्यांना माझा निरोप सांगा, पाणी बेतानं घाला म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.

मित्रांनो, कुंडीतलं पान पिवळं पडलं तर आधी मातीत बोट घाला, खालचं भोक मोकळं आहे का बघा, औषध नंतर. एवढं कराच. पण माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. ही मुलगी दर महिन्याला येत होती, उभ्या उभ्या झाड बघत होती आणि गाडी गाठत होती. बाबांच्या शेजारी बसून ते काय लिहितात हे तिनं एकदाही वाचलं नाही. ती वाईट नव्हती, घाईत होती. तुम्ही एवढी घाई करू नका.