एकतीसपैकी नऊ

पाणीखात्यात तिला सगळे चौकटताई म्हणत. एकतीस टाक्यांची पातळी एका पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड तिनेच मांडला होता, आणि पसाऱ्याशी तिचं जन्माचं वाकडं. पडद्यावर एक रेघ जास्त दिसली तरी हिच्या कपाळाला आठ्या. आधीचा पडदा म्हणजे नुसता बाजार होता, हे मात्र कबूल करायला हवं. तिने तो झाडूनपुसून लख्ख केला. टाकी ठीक असेल तर तिचा चौकोन दिसायचाच नाही. पातळी उतरली की लाल होऊन पुढे यायचा.

"काका, जे दिसत नाही ते ठीक आहे असं समजायचं," तिने कंट्रोल रूममधल्या पाणीकाकांना शिकवलं होतं. सव्वीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, पाइपला हात लावून पाण्याचा जोर सांगणारा. पण नव्या गोष्टीला नाक मुरडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि तसेच वागले.

बुधवारी बाविसावी टाकी कोरडी पडली. टेकडीवरची, एवढीशी, पण तिच्या पाण्यावर बाळंतिणींचा दवाखाना चालायचा. तिथल्या नर्सनी अर्धा दिवस बादल्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी काकांना विचारलं, डोळ्यांसमोर पडदा असून दिसलं कसं नाही? काकांनी हुज्जत घातली नाही. नजर चुकली असेल, वय झालं, एवढंच म्हणाले. सोमवारी सही करून त्यांना कायमचं फायलींच्या खोलीत बसवायचं ठरलं.

चौकटताईला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, चूक आपल्या कामाची निघाली नाही म्हणून हायसंही वाटलं. माणूस असाच असतो, तिला नावं ठेवू नका.

शुक्रवारी सकाळी ती काकांना भेटायला गेली. त्यांच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता. डॉक्टर म्हणत होते नंबर तोच आहे, पण काकांनी हट्टाने दुसरा करून घेतला होता. स्कूटरची चावीही सुनेच्या हवाली केली होती. नातीला रोज शाळेत सोडायचे, ते बंद.

"एवढी लाल टाकी दिसली नाही मला," ते म्हणाले. "समोरून येणारी गाडी काय दिसणार? मागे पोर बसलेली असते."

टाकी खरंच लाल झाली होती का, हे तिने बघितलंच नव्हतं. ती तडक कंट्रोल रूममध्ये गेली आणि बुधवारचा पडदा काढून बघितला. स्वच्छ. एकही लाल चौकोन नाही. कोपऱ्यात फिल्टरची खूण होती, मोहरीएवढी, करडी. शोभा जाईल म्हणून तिनेच ती इतकी बारीक केली होती. तिने ती दाबली. 'फक्त मोठ्या टाक्या.' मंगळवारी पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर बारक्या टाकीचा लाल चौकोन उगवू नये म्हणून तिने नऊ मोठ्या टाक्यांचा हा फिल्टर लावला होता आणि काढायचा विसरली होती. बाकीच्या बावीस टाक्या तिने स्वतःच्या हाताने झाकल्या होत्या. फिल्टर अजून तसाच होता.

कुणाला काही माहीत नव्हतं. एक बोट फिरवलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं बोट तिथपर्यंत गेलंही. मग तिने फोन उचलून साहेबांना आणि काकांना बोलावलं.

"टाकी पडद्यावर नव्हतीच, काका," ती म्हणाली. "मी लपवली होती. चूक माझी आहे."

साहेबांनी तिला अस्सं फैलावर घेतलं की बाहेरचे टाइप करायचे थांबले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठणठणीत आहेत, काका." तिला रडू आवरेना.

तिने तिथेच बसून फिल्टर काढला. आणि पुन्हा कुणी लावलाच, तर पडद्याच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरांत 'एकतीसपैकी नऊ टाक्यांवरच लक्ष आहे' अशी ओळ येईल, अशी सोय केली. लावून बघितलं. सगळ्या मांडणीचा विचका झाला होता. तिने फिल्टर काढला, ओळीची सोय मात्र तशीच ठेवली.

मागे काका घरी फोन करत होते. नवा चष्मा खिशात, जुना नाकावर.

"सूनबाई, चावी खुंटीला लावून ठेव," ते सांगत होते. "आणि पोरीला सांग, सोमवारी मी सोडणार."