पंपानं उलटा फोन केला

कुंडलच्या आमच्या पाणी संस्थेत कॉम्प्युटर मी बघते. नदीकाठच्या पंपघरावर मोबाइलला रेंज न्हाई, म्हणून जुन्या टेलिफोनच्या तारेवर मोडेम बसवलाय. नंबर फिरवायचा, नाव-पासवर्ड द्यायचा, की पंप चालू. अशी सोय तीन ठिकाणी हाय: ऑफिसात, चेअरमन नानासोंच्या घरी नि माझ्या घरी. आणि संस्थेतल्या शहाण्यांनी तिन्हीकडं पासवर्ड एकच ठेवलेला!

मग पाण्याची पाळी नसताना भर दुपारी पंप चालतोय अशी बोंब उठली. पाण्याच्या त्या फाट्यावर बावीस शेतं, त्यात एक आमचंही; सगळेच म्हणतात आमी न्हाई. आळ आला पंप सांभाळणाऱ्या ज्ञानूकाकांवर. अठरा वर्षं इमानानं राबलेला माणूस, त्याला सोमवारच्या सभेत काढायचं ठरलं. चेअरमनवर बोट कोण दाखवणार? आणि माझ्यावर दाखवलं असतं तर मी ते मोडलंच असतं.

माझं डोकं लय फिरलं. रविवारी पंपघरावर जाऊन मोडेमची सेटिंग उघडली. आधीच्या पद्धतीत पासवर्ड तारेवरनं उघडाच जायचा, चावडीवर ओरडल्यासारखा. ती काढली. आता मोडेम दर वेळी नवं कोडं घालतो, नि खरा पासवर्ड असल्याशिवाय ते सुटत न्हाई. तिघांना वेगळी नावं, वेगळे पासवर्ड दिले. वर आणखी एक कुलूप लावलं: सगळं बरोबर असलं तरी मोडेम फोन ठेवतो, स्वतःच ऑफिसला उलटा फोन करतो नि कुणाच्या नावानं फोन आला ते स्क्रीनवर दाखवतो. हे मात्र कुणाला सांगितलं न्हाई.

सोमवारी सभेत ज्ञानूकाका टोपी हातात घेऊन उभे. "कबूल हो गड्या, विषय मिटव," नानासो म्हणाले.

"आवं, पोरांची आण, मी बटणाला हात लावला न्हाई." काका म्हणाले.

तेवढ्यात ऑफिसचा मोडेम किंचाळला. मी टाळीच वाजवली. "बघा! काका हितं उभे हायत, मग आत्ता पंपाला फोन कुणी लावला? मोडेमनं नाव आणलंय!" आणि तोऱ्यात स्क्रीन सगळ्यांकडं फिरवला.

नाव होतं अंजना. म्हणजे मी!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी एकटे आमचे मालक, लालासाहेब. फौजेतनं आल्यापासून सगळ्या गावाला शिस्त शिकवणारे.

"मशीन चुकलं असंल, अंजनाताई," नानासो हळूच म्हणाले. व्हय म्हटलं असतं तर घरची अब्रू झाकली असती, आणि काका घरी बसले असते.

"न्हाई नानासो. मी लावलंय ते, चुकायचं न्हाई." लाजेनं कान तापले होते. मी मालकांच्या मोबाइलला फोन लावला नि स्पीकर चालू केला. "आवं, आपल्या लग्नाची तारीख कुठली?"

सोळा वर्षांत ह्या माणसाला ती एकदाही आठवली न्हाई. म्हणून तर माझा नवा पासवर्ड तोच ठेवला होता, नि काल रात्री घरच्या कॉम्प्युटरात तो घालताना हे माझ्या मागंच उभे होते.

"चौदा मे," ते झटक्यात म्हणाले.

"झकास. आता चपला घाला नि ऑफिसात या. ज्ञानूकाकांची माफी मागायचीय, सगळ्यांसमोर."