नुसतं टक्

मी एक जुनी गाडी बोलतेय. माझा रंग एके काळी निळा होता. उन्हाने आता कोणता झालाय ते मलाही सांगता येणार नाही. ज्या दिवशी खरोखर बोलायला हवं होतं, त्या दिवशी माझ्या तोंडून एकच आवाज निघत होता. टक्. म्हणून आज तोंड उघडलंय तर सगळं सांगूनच टाकते.

कारखान्यातून निघाले ती थेट बाबांच्या हाती आले. बाबा जमिनी मोजायचे. त्यामुळे कच्चे रस्ते, चिखल, धूळ, सगळं माझ्या वाट्याला आलं. पण त्यांनी मला जपलं. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचा मुलगा माझं बॉनेट उघडून बसायचे. मुलगी दारातूनच ओरडायची, "त्या हातांनी टॉवेलला शिवायचं नाही हं कुणी!" पुढे मुलगी दातांची डॉक्टर झाली, मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आणि बाबा गेले तेव्हा कळलं, त्यांनी मला मुलीच्या नावावर केलं होतं.

भाऊ भांडला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. एकाच इमारतीत राहायची दोघं. ताई आणि आई खाली, तो वरच्या मजल्यावर. ताई दवाखान्यात गेली की तो आईकडे येऊन बसायचा. जिन्यात बहीण समोर आली तर "हं", एवढंच. ताईच्याही नाकावर राग. मी जरा कुरकुरले की ती मला लांबच्या गॅरेजात नेणार, पण वर हाक मारणार नाही. तो माझ्या शेजारून जाताना हळूच माझ्या टायरकडे बघायचा. मला ते कळायचं.

मग माझं दुखणं सुरू झालं. किल्ली फिरवली की कधी मी झटकन चालू व्हायचे, कधी नुसतं टक्. ताईने गॅरेजात नेलं, त्यांनी बॅटरी बदलली. चार दिवस मी चालले. पुन्हा तेच. मग स्टार्टर काढून दुरुस्त करून आणला. पुन्हा चार दिवस बरे गेले. खरी गोष्ट अशी की काम करताना त्यांचा हात लागून आतली एक तार हलायची, तेवढ्यापुरता मला आराम पडायचा. त्यांना वाटायचं, जमलं! मला नेमकं कुठे दुखतंय ते ठाऊक होतं. सांगणार कशी? रोज सकाळी ताईची पावलं वाजली की माझा जीव टांगणीला लागायचा. आज होईन ना चालू?

अशातच आई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ताईला बजावलं, बसक्या सीटवर बसवायचं नाही, गुडघे वर यायला नकोत. माझी पुढची सीट उंच, शिवाय मागे पार आडवी होणारी. ताईने मोजून बघितलं आणि आईला सांगितलं, "आपल्याच गाडीतून घरी जायचं."

आईला आणायच्या दिवशी ताई उशा घेऊन खाली आली. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मी जीव खाऊन जोर लावत होते हो, पण जोर इंजिनापर्यंत पोचतच नव्हता. ताईने स्टिअरिंगवर हात आपटला, फोन काढला आणि थेट भंगारवाल्याला लावला. "आजच्या आज उचला. बघायचीही नाहीये मला ती!"

असं वाटलं, कुणीतरी माझ्या टाकीत पाणी ओतलं.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. भावाने डोकं बाहेर काढलं.

"बिघाड स्टार्टरचा नाहीये."

"मग काय आहे ते खाली येऊन सांग! वरून कसली भविष्यवाणी करतोस?"

तो आला. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. हातात वीज मोजायचा काट्याचा मीटर.

"बस आत. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव."

"तूच फिरव की."

"एकट्याने होत नाही हे. एकाने किल्ली फिरवायची, एकाने काटा बघायचा."

ताई बसली. त्याने आधी बॅटरी तपासली. ठणठणीत. हेडलाइट लावायला लावले. लख्ख. "फिरव," म्हणाला. टक्. दिवे तसेच लख्ख, जरासुद्धा मंदावले नाहीत. तो गोंधळला. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची लाल तार त्याने इंच इंच पाहिली. नीट होती. पुन्हा लाल तार. पुन्हा नीट. मी आतून ओरडत होते, अरे, इकडे नाही!

रस्त्यावर भंगारवाल्याची क्रेन येऊन थांबली. तो उतरला, माझ्याभोवती एक चक्कर मारली. "बाई, चढवू का?"

"थांबा जरा."

"मी थांबतो हो. पण मागचे सगळे मलाच शिव्या घालतायत, त्यांचं काय करू?"

भावाने मीटर बॉनेटवर ठेवला. "सगळं बरोबर आहे, ताई. सगळं बरोबर असून चालू होत नाही. डोकं चालेना माझं."

कितीतरी दिवसांनी त्याने ताई म्हटलं, ते तिनेही ऐकलं. ती उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली.

"माझ्याकडे पेशंट येतात ना, बोट वरच्या दातावर ठेवतात आणि कीड निघते खालच्या. तू मघापासून ही लालच तार धरून बसलायस. काळी बघितलीस?"

"ती चांगली आहे की. नवी दिसतेय."

"दिसतेय ना? मग ठोकून बघ."

त्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडावर. "फिरव!" ताई धावत आत. टक्. जिथे काटा जागचा हलायला नको, तिथे तो झेप घेऊन पलीकडे गेला.

"अगं, अर्थिंग गेलंय!" तो केवढ्याने ओरडला! "विजेला जायला रस्ता आहे, परतायला नाही!"

काळ्या तारेचं वेष्टण त्याने चाकूने चिरलं. आत तांब्याचा हिरवा भुगा. बाबांच्या साऱ्या चिखलवाटा त्यात साचल्या होत्या. त्याने वरून एक जाड तार आणली, बॅटरीपासून इंजिनापर्यंत धरली. "आता!"

आणि मी गरजले! किती दिवसांची कोंडलेली होते मी. भंगारवाला दोन पावलं मागे सरला. "राहू द्या मग," म्हणाला आणि हसत क्रेनकडे गेला.

नवी तार पक्की बसवून भाऊ ताईच्या शेजारी बसला. ताईने मला हॉस्पिटलच्या रस्त्याला लावलं. मग तोच म्हणाला, "बाबांना वाटलं असेल, मी विकून टाकीन हिला."

"मला वाटलं, तूच नको म्हणालास."

"मला कुणी विचारलंच नाही."

"मलाही नाही रे."

बाबांच्या मनात काय होतं? मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही. ते माझ्यात बसून गाणी म्हणायचे, बेत सांगायचे नाहीत.

हॉस्पिटलच्या दाराशी आई चाकाच्या खुर्चीत वाट बघत होती. दोघांना माझ्यातून उतरताना पाहून तिने डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "दोघं होतात, तरी इतका उशीर?"

आता आई काठी घेऊन चालते. माझंही वय झालंय. कधी तरी क्रेनवर चढायचंच आहे, त्याची मला कल्पना आहे. पण आज नाही. आज सकाळपासून आई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलीय, मी तापून तयार आहे आणि ही दोघं कुठल्या रस्त्याने जायचं यावर हातवारे करून भांडतायत. भांडा बाबांनो, पोटभर भांडा. पण आधी गिअर टाका ना कुणीतरी!