पंख्याखालची जागा

फिलोमिनाबाईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला सहा आठवडे झाले होते. मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, ती पलंगावर पडून होती. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आता केबलवर थेट दिसते, हे तिला कालपर्यंत ठाऊकच नव्हतं. फादरांनी म्हणे तीन रविवार वेदीवरून सांगितलं, कोणत्या नंबरवर लागते, किती वाजता लागते. ऐकलं कोणी? जे चर्चमध्ये बसले होते त्यांनी. घरी पडलेल्यांना कळावं म्हणून चर्चमध्ये सांगायचं, आता याला काय म्हणावं! शेवटी तिला ते कळलं केबलवाल्या रुपरावकडून, आणि हा रुपराव देवळाच्याही पायरीवरूनच परत फिरणारा माणूस.

रविवारी सकाळी त्यानं येऊन दोनशे चौदा नंबर लावून दिला.

"हे पाहा मावशी, तुमचं चर्च. खालच्या पट्टीत कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव फिरून राह्यले, तिकडं लक्ष नका देऊ."

"बस गा. थर्मासमध्ये चहा आहे, घे." मुलगा आणि सून दोघंही ड्युटीवर होते.

खरं सांगायचं तर तिला फादर पाहायचे नव्हते. देव काय, घरीही भेटत होता. तिला पाहायचं होतं डावीकडचं तिसरं बाकडं, त्यातली भिंतीकडची, पंख्याखालची जागा. तिथं ती एकतीस वर्षं बसली. शेजारी रेजिनाबाई. फिलोमिनाला बारमाही गरमी व्हायची, रेजिनाचे कान पंख्यानं ठणकायचे. एक उठून बटन दाबायची, दुसरी उठून बंद करायची. सहा वर्षांपूर्वी बोलणं तुटलं, पण जागा कोणी सोडली नाही; सोडली असती तर हरल्यासारखं झालं असतं. तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना, दुसरं काय! मिस्सेत शांती द्यायची वेळ आली, सगळे एकमेकांकडे वळून हात जोडू लागले, की रेजिना पलीकडे वळायची आणि फिलोमिना मागे.

सहा आठवड्यांत रेजिनाचा एक फोन नाही. "आता माझ्या जागेवर ऐसपैस बसली असेल सटवी," फिलोमिनाबाई रोज मनाशी म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिला रडू यायचं.

कॅमेरा फिरला. तिसरं बाकडं दिसलं. भिंतीकडच्या जागेवर एक तपकिरी पर्स होती.

"पाह्यलं का गा रुपराव! माह्या जागेवर पर्स ठेवली तिनं!"

तेवढ्यात उशिरा आलेल्या एका बाईनं पर्सकडे बोट करून काहीतरी विचारलं. रेजिनाबाईनं मान हलवली. ती बाई मागे जाऊन उभी राहिली. डिसेंबरची थंडी, अख्खं चर्च स्वेटरात, आणि त्या पर्सवर पंखा फुल चालू. रेजिनाबाई कानाला स्कार्फ करकचून बांधून खोकत होती.

"इतकी थंडी वाजून राह्यली तं पंखा काहून लावला या बाईनं?" रुपराव म्हणाला.

 

शांती द्यायची वेळ झाली. सगळे इकडेतिकडे वळले. रेजिनाबाई भिंतीकडे वळली. पर्सकडे पाहून तिनं हात जोडले आणि मान लववली.

फिलोमिनाबाईनं उशीखालचा मोबाइल काढला. सहा वर्षांत न लावलेला नंबर बोटांना पाठ होता.

टीव्हीतली पर्स वाजू लागली. फादर थांबले. अख्खं चर्च वळून पाहू लागलं. रेजिनाबाईनं घाबरून पर्स उघडली, कानावरचा स्कार्फ सरकवला आणि बाकड्याखाली वाकली.

"कोण वं?"

"मी. पंखा बंद कर, थंडीनं मरशील. मी आली का मग लावीन."

मग रेजिनाबाई उठली, भिंतीपाशी गेली, तिनं बटन बंद केलं. परत येऊन पर्स होती तिथंच ठेवली.