बंद झालेल्या जाहिराती

सदतीस व्यावसायिकांनी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकानेही काम दिले नाही.

जाहिरातसंस्था दोघा भावंडांची होती. गिऱ्हाइकांची यादी दादा करी, भेटीला ती जाई. या महिन्यात एकही काम मिळाले नाही, तर कार्यालयाला कुलूप लागणार होते. त्यामुळे दादा रोज तिच्याच बोलण्यात खोट काढी. "तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतेस का गं?"

अडतिसावे दुकान चष्म्यांचे होते. तिने टेबलावर नमुने मांडले आणि नव्या जाहिरातीचे फायदे सांगितले. गल्ल्यावरच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"छान बोलतेस. पण आम्ही जाहिरात का थांबवली, हे आधी विचारायचंस ना. आमचे हे गेले. आठवड्याभरात दुकान मोडतेय."

"मग मला थांबवलं का नाहीत, काकू?"

"महिन्याभरात या दारातून हसत आलेली तू पहिलीच."

रस्त्यावर येऊन तिने फोन लावला. "दादा, यादीत नावं कशी घेतोस?"

"ज्यांच्या जाहिराती नुकत्याच बंद झाल्या, त्यांची. गरज त्यांनाच जास्त, नाही का?"

संध्याकाळपर्यंत तिने आधीच्या सदतीस जणांना फोन करून काकूंनी सुचवलेला तो एकच प्रश्न विचारला. एकतीस जण धंदा गुंडाळत होते, सहा जणांनी तो विकला होता. खोट तिच्या बोलण्यात नव्हती. दादाने निवडून निवडून मरणारे धंदे गोळा केले होते, आणि जाहिरात का थांबली, हे दोघांपैकी कुणीही विचारले नव्हते.