दाराकडे वारा निजतो

आजोबांच्या गाण्यात दोन ओळी होत्या, शब्द सहा. ‘चटई अजून दोघांची. दाराकडे वारा निजतो.’ वाजवायला एक लाकडी खोकं, भोवती आम्ही सात जण. आमच्या वैतुपू बेटावर फातेले हा नाचगाण्याचा सामना असाच रंगतो: त्याच ओळी पुन्हा पुन्हा, दर वेळी जलद, खोक्यावर तळहात आपटत, नाचणाऱ्या बायका दमेपर्यंत. मग गावाची समोरची बाजू आपलं गाणं घेते आणि आपल्याला मागे टाकायला बघते.

सात वर्षांचा असताना मी ‘निजतो’ आलं की घोरून दाखवायचो. सभाघर हसायचं. आजोबाही हसायचे.

तेराव्या वर्षी मी विचारलं, “वारा दाराकडेच का निजतो?”

“तिथे तुझी आजी निजायची. तिला फार उकडायचं.”

आजी उपचारासाठी बोटीने दूर सुवा शहरात गेली, ती परत आलीच नव्हती. मी ‘हं’ म्हणालो आणि गळ घेऊन निघून गेलो.

यंदा मी सुव्याहून पदवी घेऊन आलो. आजोबा रुंद चटईवर भिंतीला चिकटून झोपले होते. दाराकडची अर्धी चटई रिकामी होती. मी तिच्यावर पाय न देता, वळसा घालून आत गेलो.

शनिवारच्या बोटीने अलिएता आत्या त्यांना कायमचं ऑकलंडला नेणार होती. निरोपाच्या जेवणासाठी आजोबा आणि मी नारळ सोलत होतो.

“तुम्ही पोरं गाणं पळवता रे,” ते म्हणाले. “जाण्याआधी एकदा शब्द ऐकायला मिळायला हवे होते.”

“हळू म्हटलं तर आपली बाजू हरेल, आजोबा.”

“हरेलच. म्हणून तर कुणाला सांगत नाही.”

संध्याकाळी खोक्यावर ठेका धरायचं काम माझ्याकडे होतं. मी सावकाश सुरुवात केली. दुसऱ्यांदाही तितकंच सावकाश.

“काय रे पेनी,” आत्या नाचता नाचता ओरडली, “हात सुव्यात विसरून आलास का?”

“उठवा रे त्याला, डुलकी लागली!” समोरून कुणीतरी म्हणालं.

शेजारच्यांनी लय पुढे ओढून पाहिली. मी सोडली नाही. चौथ्यांदा ‘दाराकडे’ आलं तेव्हा आत्याचे हात हवेतच थांबले. आजोबा डोळे मिटून ओठ हलवत होते. ओळ संपली तसे मी खोक्यावरून हात उचलले.

समोरच्यांनी त्यांचं गाणं एकवीस वेळा म्हटलं. आम्ही चार वेळा.